भिंत फिरत नाही

आमची धाकटी जाऊ पाकळ्या काढायची. फुलं नाही, पाकळ्या. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जो घोळ झाला तो एवढ्याशा फरकानं झाला. आणि त्या घोळात मान खाली घालायची वेळ एकटीवर नाही आली, घरातल्या तिघींवर आली.

ती कपबशांच्या कारखान्यात कामाला होती. पांढऱ्याशुभ्र बशा, ताटं, किटल्या तयार होऊन यायच्या आणि लांबलचक टेबलांशी बसून बायका त्यांच्यावर फुलं रंगवायच्या. पण एक बाई एक फूल असं नव्हतं बरं का. एकीनं पाकळ्या काढायच्या, दुसरीनं मधला केसर टिपायचा, तिसरीनं देठ आणि पानं, आणि शेवटचीनं काठावर सोनेरी रेघ ओढायची. तिथं नावानं कोण कुणाला हाक मारतंय! पाकळीबाई, पानबाई, काठबाई. आमची धाकटी लग्न होऊन आली त्याच वर्षी तिथं चिकटली, ती कारखाना बंद होईपर्यंत पाकळीबाईच राहिली.

एकदा ती डबा विसरली म्हणून मी द्यायला गेले होते. डाव्या हाताशी एक लाकडी फिरकी, तिच्यावर ताट. उजवं कोपर एका ठोकळ्यावर टेकलेलं. कुंचल्याच्या एका अंगाला गडद रंग, दुसऱ्या अंगाला फिका. कुंचला टेकायचा, दाबायचा, जरासा वळवून उचलायचा, की झाली पाकळी. मग डाव्या हातानं फिरकी जराशी सरकवायची आणि पुन्हा तेच. तिचा उजवा हात जागचा हलत नव्हता, ताट फिरत होतं. बघता बघता ताटभर फुलली की हो! मी डबा हातात धरून खुळ्यासारखी उभी. घरी हिच्या हातून रोज एक तरी भांडं पडायचं, आणि इथं हे!

त्या कारखान्याचे मालक मोठे बोलके. म्हणायचे, फुलं बाईनंच काढावीत. पुरुषाच्या हातात फूल राठ होतं. त्यातून जी आई झालीय, तिच्या हाताचा मऊपणा काही वेगळाच. खोक्यांवर तसंच चित्र छापलेलं होतं. एक छानशी बाई, मोकळे केस, मांडीवर गुटगुटीत बाळ, हातात कुंचला, समोर फुलांनी भरलेलं ताट, आणि खाली अक्षरं, ‘आईच्या हातची फुलं’. आता गंमत ऐका. त्या कारखान्याच्या दारातून लहान मूल आत न्यायला सक्त मनाई होती. रंगात शिसं असायचं. बायकांना पहिल्याच दिवशी बजावून सांगायचे, या हातांनी पोराला शिवू नका, त्याच्या पोटात जाईल. आईच्या हातची फुलं म्हणे! कर्म माझं.

धाकटीला मुलगी झाली. तिला आम्ही मुंगी म्हणायचो, कारण जीव एवढासा आणि हट्ट डोंगराएवढा. दिराच्या नोकरीचं तेव्हा काही खरं नव्हतं, म्हणून धाकटी लवकरच कामावर परतली आणि मुंगी माझ्या पदरात आली. माझे दोन मुलगे तोवर शाळेत जायला लागले होते, घरात मी एकटीच असायची.

संध्याकाळी धाकटी घरी आली की मुंगी दुडूदुडू धावत जायची. आणि ही बया काय करायची? दोन्ही हात वर करून दाराला चिकटायची, जसं काही पोरीनं पिस्तूल रोखलंय. “नको नको, हाताला रंग आहे!” मग टर्पेंटाइन, मग साबण, मग नखांना ब्रश, मग पुन्हा साबण. रंग गेलेला असायचा, पण हिचं मन मानायचं नाही. बाहेर येईपर्यंत मी पोरीला भरवून निजवलेलं असायचं. सुट्टीच्या दिवशी हात स्वच्छ असायचे, पण तोवर पोरीची सवय तुटलेली. आईनं उचललं की ती माझ्याकडे हात पसरून भोकाड पसरायची. धाकटीचा चेहरा असा काही व्हायचा, की मला तिकडे बघवायचं नाही. ती मुकाट्यानं पोरगी माझ्या कडेवर द्यायची. “ताई, तुम्हीच बघा. मला नाही येत.” आणि भांडी घासायला बसायची.

खरं सांगू? मला ते आवडायचं. मला मुलगी नव्हती. मुंगी मला ‘मोठीआई’ म्हणायची आणि त्यातलं ‘मोठी’ मी ऐकलं न ऐकल्यासारखं करायची.

कारखान्यातली फुटकी-तुटकी खोकी घरी यायची. मुंगीची खेळणी, पुस्तकं सगळी त्यातच. त्यामुळे तिचा लहानपणापासून समज असा, की खोक्यावरची ती बाई म्हणजे आपली आई आणि मांडीवरचं बाळ म्हणजे आपण. मोठी झाल्यावर समज गेला असेल, पण अर्धाच गेला. शाळेत सांगायची, कॉलेजात सांगायची, पुढे नवऱ्यालाही सांगितलं, “माझी आई फुलं काढते. आर्टिस्ट आहे.” आम्ही कुणी तिला सुधारलं नाही. धाकटी नुसती लाजून हसायची. म्हटलं असू दे, कुणाचं काय जातंय.

मुंगीचं लग्न झालं, ती दुसऱ्या गावी राहायला गेली, नोकरी करू लागली. मग दिवस गेले. सातवा महिना उलटला आणि एका सकाळी तिचा फोन आला. “आई, बाळाच्या खोलीतली एक भिंत मी मोकळी ठेवलीय. तू येऊन तिच्यावर फुलं काढशील? खूप मोठी मोठी?”

मी शेजारीच भाजी निवडत होते. मला वाटलं, ही नेहमीसारखं म्हणेल, “ताईंना विचार.” पण ही म्हणाली, “हो.” चक्क हो! फोन ठेवला आणि मग हिला घाम फुटला.

माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. अंघोळी मी घातल्या, गालगुंड झालं तेव्हा उशाशी मी बसले, वेण्या मी घातल्या, आणि भिंत हिला! कानामागून आली अन् तिखट झाली. मी म्हटलं, “भिंतीवर काढणार कशानं? जन्मात कधी एक अख्खं फूल काढलंयस?”

ती म्हणाली, “ताई, तिनं मला आजवर कधी काही मागितलं नाही. केसांची रिबीन हवी असली तरी ती तुमच्याकडे यायची. हे एकच मागितलंय. हेही माझ्याच्यानं झालं नाही, तर मी तिची कोण, सांगा?”

मी भाजी निवडत बसले.

मग सुरू झाला सराव. जेवणाचं टेबल आम्हाला जेवायला मिळेना. जुन्या वर्तमानपत्रांवर पाकळ्या, पाकळ्यांना केसर, केसराखाली देठ. पाकळ्या पहिल्यापासून सुरेख, पण पानं म्हणजे विचारू नका. पहिलं पान मी बघितलं आणि म्हटलं, “कुणाची चप्पल हरवलीय गं ही?” ती रागावली नाही. पुन्हा पुन्हा काढत राहिली. हळूहळू पानं पानांसारखी दिसायला लागली, आणि एक दिवस टेबलावर एक अख्खं फूल उमललं. धाकटी त्याच्याकडे बघत बसली. साठीला आलेली बाई, पण शाळेत पहिला नंबर आल्यासारखी दिसत होती. मलाही, कशाला खोटं बोलू, बरं वाटलं.

पण सगळा वेळ ती डाव्या हातानं कागद फिरवत होती. आमच्या दोघींच्याही ध्यानात आलं नाही. तिच्या नाही, कारण तो हात तिला न विचारता फिरायचा. माझ्या नाही, कारण मी पानांना नावं ठेवण्यात दंग होते.

बाळंतपण तोंडावर आलं तेव्हा आम्ही दोघी गेलो. एकटी जायला ती तयारच होईना. खोली छोटीशी, छान उजेडाची. जावईबापूंनी भिंतीला फिकट पिवळा रंग देऊन ठेवला होता. कोपऱ्यात पाळण्याचे भाग अजून खोक्यात बांधलेले होते. खाली कागद अंथरलेले, रंगांचे नवेकोरे डबे ओळीनं मांडलेले, लहान-मोठे कुंचले, एक चढायचं स्टूल. डब्यांवर कंपनीनं मोठ्या अक्षरात लिहिलेलं, लहान मुलांच्या खोलीसाठी सुरक्षित. मुंगीचं पोट एवढं पुढे आलेलं, पण रजा अजून सुरू व्हायची होती, ऑफिसला जायची घाई होती. दारातूनच म्हणाली, “मी आत्ता बघणार नाही हं. संध्याकाळी येताना सासूबाईंना आणि माझ्या मैत्रिणीला घेऊन येते. सगळ्यांना सांगून ठेवलंय मी!”

“सगळ्यांना म्हणजे?” धाकटीनं विचारलं. पण ती गेली होती.

धाकटीनं पदर खोचला. कुंचल्याच्या एका अंगाला गडद गुलाबी लावला, दुसऱ्या अंगाला फिका. भिंतीशी उभी राहिली, टेकला, दाबला, वळवला, उचलला. अहाहा! काय पाकळी उतरली! तळहाताएवढी, कडेला फिकी, आत गडद. मी टाळी वाजवली.

तिचा डावा हात भिंतीवर गेला आणि भिंतीला सरकवायला लागला.

एकदा सरकवलं. दुसऱ्यांदा सरकवलं. मग ती थांबली आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. मला अजून कळलं नव्हतं. मी म्हटलं, “काय गं, मुंग्या आल्या का?”

“ताई,” ती म्हणाली, “भिंत फिरत नाही.”

मी हसले हो. मला वाटलं गंमत करतेय. पण तिनं शेजारी दुसरी पाकळी काढली ती पहिलीसारखीच, खाली लोंबणारी. तिसरी तशीच. तिचा हात एकच पाकळी जाणत होता, वरून खाली, छातीकडे येणारी. बाकीच्या पाकळ्या आजवर ताटानं काढल्या होत्या. वरच्या दिशेची पाकळी काढायला गेली तर कुंचला फरफटला आणि तिथं नुसता डाग पडला.

मग आम्ही काय काय केलं म्हणून सांगू! ती स्टुलावर चढून, वाकून, वरून खाली हात सोडून बघती झाली. चक्कर येऊन पडता पडता राहिली. मग भिंतीकडे पाय करून झोपली, मग डोकं करून झोपली आणि हात मागे नेऊन काढायला लागली. रंगाचे थेंब तिच्या कपाळावर. मी म्हटलं, मीच तुला पायाला धरून उलटी लटकवते. दोघी हसलो. पण हसणं फार वेळ टिकलं नाही. एवढी मेहनत करून जे फूल झालं, ते चेंगरलेल्या खेकड्यासारखं दिसत होतं. पाकळ्या पाच, पण पाचांची तोंडं पाच घरची.

“कागदावर काढू,” मी म्हटलं. “कापून चिकटवू. कुणाला कळतंय!”

“मला कळेल ना,” ती म्हणाली. आणि कागद तरी कुठून आणायचे? खाली अंथरलेल्या रद्दीखेरीज घरात कागद नव्हता, नवीन गावात दुकानं माहीत नव्हती, आणि दुपार कलली होती. ती पुन्हा भिंतीशी गेली. एक ओळ काढली. दुसरी ओळ काढली. सगळ्या पाकळ्या खाली माना घालून एका रांगेत, दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांसारख्या. खेकडा पुसायला गेली तर तो पसरून आणखी मोठा झाला. शेवटी ती खाली बसली, हात मांडीवर उपडे टाकून. रडली असती तर बरं झालं असतं.

जिन्यावर पावलं वाजली. धाकटी माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, कुठं लपू हो?” साठीची बाई!

मुंगी आधी आली, डोळे मिटून. “उघडू?” म्हणत तिनं उघडले. मागे तिच्या सासूबाई आणि ऑफिसातली मैत्रीण. विहीणबाई शाळेत शिकवायच्या, बाई सज्जन, आवाज गोड. तिघी दारातच उभ्या राहिल्या. भिंतीवर मोज्यांच्या दोन रांगा आणि मधे तो खेकडा. धरणी दुभंगेल तर बरं, असं ऐकत आले होते. त्या दिवशी मी खरोखर पायाखाली बघितलं.

मुंगी घाईघाईनं म्हणाली, “म्हणजे, अजून पूर्ण व्हायचंय.” तिचे कान लाल झालेले.

विहीणबाईंनी सांभाळून घेतलं. जवळ गेल्या, मान तिरकी करून बघितलं. “अगंबाई! झाडावरून गळणाऱ्या पाकळ्या ना या? किती वेगळी कल्पना! नाहीतर काय, सगळे आपले गुच्छच काढतात.”

“हो! तेच!” मुंगीचा जीव भांड्यात पडला. “मीच सांगितलं होतं आईला तसं. गळणाऱ्या पाकळ्या.” मैत्रिणीनं फोन काढून फोटो घेतला.

मी धाकटीला कोपरानं ढोसलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. नुसतं मान हलव, म्हटलं, एवढंच कर. आयुष्यभर नुसतं हसून मान हलवली, आज आणखी एकदा हलवली असती तर काही बिघडत नव्हतं.

पण ती उभी राहिली आणि म्हणाली, “नाही हो विहीणबाई. तुम्ही मोठ्या मनाच्या म्हणून बोललात. मला फूल काढता येत नाही. मी कारखान्यात फक्त पाकळी काढायची, तीसुद्धा ताट फिरवून. बाकीचं दुसऱ्या बायका करायच्या. आर्टिस्ट-बिर्टिस्ट काही नाही. पोरीचा समज होता, मी तो राहू दिला.”

मैत्रिणीनं हळूच फोन पिशवीत टाकला. विहीणबाई म्हणाल्या, “अहो, असू द्या, असू द्या,” आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. मुंगी तरातरा स्वयंपाकघरात गेली. चहाचं भांडं आपटल्याचा आवाज आला. पाहुण्या चहासाठी थांबल्या नाहीत. कोण थांबेल? मलासुद्धा त्यांच्यामागून जिना उतरून पळावंसं वाटत होतं.

त्या गेल्या तशी मुंगी दारात येऊन उभी राहिली. “जन्मभर गप्प बसलीस ना? मग आजच कशी वाचा फुटली तुला? सासूबाईंच्या समोर? त्या बिचाऱ्या झाकत होत्या, मी झाकत होते...”

“म्हणूनच,” धाकटी म्हणाली. “तुम्ही सगळ्या मला झाकत होतात. उद्या बाळ येईल, त्यालाही तू हेच सांगशील, आजी फुलं काढायची. मग ते म्हणेल, आजी, काढून दाखव. किती जणांपुढे मी ती खोक्यावरची बाई होऊ? मी तशी नव्हते गं. तुला मांडीवर घेऊन मी कधी बसलेच नाही.”

“ते मला माहीत आहे,” मुंगी म्हणाली. आणि मग अगदी हळू, “मला वाटायचं, तुला मी आवडत नाही.”

धाकटीनं हात पुढे केले, उपडे, जसे डॉक्टरला दाखवतात तसे. “हे हात. यांना शिसं असायचं. धुतलं तरी मला वाटायचं राहिलंय. तुला शिवले आणि तुझ्या पोटात गेलं तर? तू माझ्याकडे धावत यायचीस आणि मला तुझी भीती वाटायची. सुट्टीच्या दिवशी घ्यायला जायची तर तू रडायचीस. मग मला लाज वाटायला लागली. आपल्याच पोरीला घेता येत नाही याची. लाजेपायी मी भांडी घासत बसायची, आणि मग तू मोठी झालीस.”

त्या भांड्यांचा आवाज मी वर्षानुवर्षं ऐकला होता. पोरीला छातीशी धरून ऐकला होता, आणि एकदाही म्हटलं नव्हतं, की ठेव ती भांडी आणि ये इकडे. मी शरमेनं खेकड्याकडे बघत राहिले.

मुंगी भिंतीला टेकून खाली बसली, एवढं पोट सांभाळत. “भिंत गेली खड्ड्यात,” ती म्हणाली. “भिंतीसाठी नव्हतं बोलावलं तुला.”

“मग?”

“बाळ झाल्यावर माझ्याजवळ येऊन राहा, असं म्हटलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?”

धाकटी पदरानं कपाळावरचा रंग पुसायला लागली.

“म्हणाली असतीस, ताईंना विचार. म्हणून भिंतीचं निमित्त काढलं. म्हटलं, फुलं काढायला तरी येईल. एकदा आली की थांबवता येईल.” तिचे डोळे भरून आले. “मला फार भीती वाटतेय गं आई. मला काहीच येत नाही. त्याला धरायचं कसं तेसुद्धा माहीत नाही. थांबशील?”

एवढं स्पष्ट मागितलं पोरीनं. आणि धाकटीनं काय केलं? माझ्याकडे वळली. सवयच ती! “अगं, मला यातलं काय येतंय? ताई थांबतील. त्यांना सगळं येतं. त्या अंघोळ घालतील, मी हाताखाली राहीन.”

आता तुम्हाला सांगते, माझ्या बॅगेत महिनाभराचे कपडे होते. तिथं राहायचं म्हणून भरले होते, कुणाला न सांगता. मऊ सुती कापडाची दुपटी शिवून आणली होती, अगदी तळाशी लपवून. मला पक्कं ठाऊक होतं, की ही घाबरणार, मला थांबवणार, आणि मी आढेवेढे घेत घेत थांबणार. दोघी माझ्याकडे बघत होत्या. नुसतं ‘बरं’ म्हणायचं होतं.

“मी?” मी म्हटलं. “छे गं बाई! माझे गुडघे बघ. आणि तुझे सासरे-काका तिकडे उपाशी बसतील. मला उद्याच निघायला हवं.”

“मोठीआई, कोण सासरे-काका?” मुंगी रडता रडता हसली. माझ्या तोंडून काय गेलं माझं मलाच कळलं नव्हतं.

“तेच ते, तुझे काका. घोटाळा करू नका माझा.”

“पण मग अंघोळ?” धाकटी म्हणाली. “ताई, मला खरंच येत नाही हो.”

“नाही येत तर नाही येत. तुला येत नाही, हिला येत नाही, बाळाला तर काहीच येत नाही. तिघं एका इयत्तेत आहात, शिका मिळून. माझं काय नडलंय?” हे मी जोरात म्हटलं, जरा जास्तच जोरात. मग दुपटी काढून मुंगीच्या कपाटात ठेवली. कधी शिवलीस, असं तिनं विचारलं. “बाजारात मिळाली,” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापूंनी बॅग उचलली आणि म्हणाले, “मोठीआई, दोन दिवसांसाठी एवढी जड बॅग?” “औषधं आहेत,” मी सांगितलं. भिंतीवर त्यांनी नंतर पुन्हा पिवळा रंग दिला. धाकटीनंच सांगितलं, राहू देऊ नका म्हणून.

मुंगीला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्या अंघोळीच्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला.

“ताई, पाणी किती गरम हवं?”

“कोपर बुडवून बघ. कोपराला सोसलं की तिला सोसतं.”

“बघितलं. बरं वाटतंय.” मागून टँ टँ आवाज येत होता. काय खणखणीत गळा! “ऐकलंत का? मी घेतलं की रडायलाच लागली. अगदी मुंगीसारखी. मी हिला मुंगीकडे देऊन टाकते. ताई, तुम्ही येता का? आज निघालात तर संध्याकाळपर्यंत पोचाल.”

मी तोवर उभी राहिले होते. खरंच, पायात चपला घालायला उठलेच होते.

“देऊ नकोस कुणाकडे,” मी म्हटलं. “रडू दे. तुझ्याकडेच रडू दे तिला.”

“ताई...”

“मी येत नाही,” म्हटलं आणि फोन ठेवून दिला. ती पुन्हा करील म्हणून बराच वेळ तिथंच बसून राहिले. मेलीनं केला नाही.